शीटमधून आपोआप मेसेज: अभ्यासिकेच्या फीची आठवण कशी पाठवायची?

नंदनवनकर
नागपुरात नंदनवनला आमच्या काकांची अभ्यासिका आहे. ८४ सीट. बहुतेक पोरंपोरी एमपीएससी आणि पोलीस भरतीची, थोडे सीएवाले. हिशेब आधी लांब वहीत असायचा, तो मी गूगल शीटवर आणला. रकाने साधेच आहेत: सीट, नाव, मोबाईल, फी भरल्याची तारीख, मुदत, रक्कम. (रक्कम सगळ्यांची सारखी नसते. उन्हाळ्यात कूलरचे वेगळे लागतात आणि कूलरसमोरच्या सीटवरून दरवर्षी भांडणं होतात, तो विषय वेगळा.)

फी महिन्याची, पण १ तारखेची नाही. जो ज्या दिवशी आला तिथून ३० दिवस. त्यामुळे रोज कुणाची ना कुणाची मुदत संपतच असते. मुदतीच्या ३ दिवस आधी त्या-त्या मुलाला मेसेज जावा, कुणी हात न लावता, एवढंच हवं आहे.

काल एक जण येऊन गेला. बल्क व्हॉट्सॲपचं सॉफ्टवेअर देतो म्हणे, वर्षाचे पैसे एकदम, मेसेज कितीही. घ्यावं का? मला प्रोग्रॅमिंग येत नाही, पण सांगितलं तसं करता येतं.

तर्री_जास्त
नको घेऊ भाऊ. हे सॉफ्टवेअर म्हणजे मागून व्हॉट्सॲप वेबच चालवतात. माणूस टाइप करून राहिला असं दाखवायचं आणि भराभर पाठवत सुटायचं. व्हॉट्सॲपच्या अटींमध्ये असले ऑटोमॅटिक आणि बल्क मेसेज चालतच नाहीत, पकडलं तं नंबर बंद. सॉफ्टवेअरवाला म्हणेल दुसरं सिम घ्या. त्याचं काय जातं? काकांचा नंबर बाहेर बोर्डावर असंल, पावतीवर असंल, पोरांच्या मायबापांजवळ असंल. तो गेला तं काय करता?

मास्तरीणबाई
साधा एसएमएस नाही का चालणार? आमच्या क्लासमध्ये पूर्वी तेच होतं.

तर्री_जास्त
ताई, आता धंद्याच्या एसएमएससाठी ट्रायच्या (टेलिकॉमवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या) नियमाप्रमाणे डीएलटीवर, म्हणजे एसएमएस पाठवणाऱ्यांच्या नोंदणी-व्यवस्थेत, नोंदणी लागते. आधी स्वतःची नोंदणी, मग पाठवणाऱ्याचं नाव, मग मजकुराचा नमुना मंजूर. मोठ्या क्लासला परवडतं. ८४ सीटसाठी कोण करत बसंल?

शीटवेडा
तुमची मुलं एमपीएससीची आहेत ना? मग टेलिग्राम प्रत्येकाच्या फोनमध्ये असणारच. चालू घडामोडींच्या पीडीएफ तिथेच फिरतात. टेलिग्रामला बॉट (माणसाऐवजी प्रोग्रॅम चालवतो असं खातं) अधिकृतपणे चालतो, पैसे पडत नाहीत आणि शीटमधून मेसेज पाठवणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग आहे. अवघड भाग दुसरीकडे आहे, तो पुढे सांगतो.

टेलिग्रामवर बॉटफादर नावाचा अधिकृत बॉट आहे. त्याच्याशी बोलून नवा बॉट बनवायचा. तो एक लांबलचक टोकन देतो, ती किल्ली. मग गूगलच्या ॲप्स स्क्रिप्टमध्ये (शीटकडून कामं करून घ्यायला कोड लिहायची गूगलची जागा) छोटी स्क्रिप्ट लिहायची: शीटच्या ओळी वाच, ज्याची मुदत जवळ आली त्याचा चॅट आयडी (टेलिग्रामवरचा त्याचा ओळख-क्रमांक) घे, मजकूर तयार कर, टेलिग्रामच्या पत्त्यावर पाठव. बाहेरच्या पत्त्यावर पाठवायला यूआरएल फेच नावाची सेवा तयारच असते. साध्या जीमेल खात्याला तिच्या दिवसाला २०,००० विनंत्या मिळतात, तुम्हाला त्यातल्या चार-पाच लागतील. शेवटी रोज सकाळी ही स्क्रिप्ट चालावी म्हणून ट्रिगर लावायचा. झालं.

अवघड भाग असा की बॉट कुणालाही आपणहून पहिला मेसेज पाठवू शकत नाही. मुलानं आधी बॉट उघडून स्टार्ट दाबलंच पाहिजे. मोबाईल नंबर देऊन भागत नाही, टेलिग्रामला त्या माणसाचा चॅट आयडी लागतो आणि तो स्टार्ट दाबल्यावरच कळतो. म्हणजे तुमच्या शीटमध्ये एक रकाना वाढला, आणि तो भरायचा कसा हे आधी ठरवावं लागेल.

नंदनवनकर
काउंटरवर क्यूआर लावला तर? येताजाता स्कॅन करतील.

शीटवेडा
एकच क्यूआर सगळ्यांना असेल तर स्टार्ट कुणी दाबलं ते कसं कळणार? टेलिग्रामवर पोरांची नावं 'फ्युचर पीएसआय' असली असतात. पण एक सोय आहे. बॉटच्या लिंकच्या शेवटी 'start=अमुक' असं जोडता येतं. मुलानं ती लिंक उघडून बटण दाबलं की बॉटला 'स्टार्ट' आणि त्यापुढे ते अमुक मिळतं. तिथे सीट नंबर घातला की ४२ नंबरच्या सीटवाल्याचा चॅट आयडी थेट त्याच्या ओळीत.

रिकामटेकडा
सीट नंबर घालू नका हो. ४२ च्या जागी ४३ टाकायला किती वेळ लागतो? शेजारणीची मुदत कधी संपते हे कळून घ्यायची हौस असलेले प्रत्येक अभ्यासिकेत दोन-तीन असतात.

शीटवेडा
बरोबर. सीट नंबर नको, प्रत्येकाला अंदाज न येणारं सांकेतिक अक्षर-आकड्यांचं जोडकाम द्या. इंग्रजी अक्षरं, आकडे, आडवी रेघ आणि खालची रेघ एवढंच चालतं, लांबी ६४ अक्षरांपर्यंत. पण ते शीटच्या रँड सूत्राने बनवू नका. ते सूत्र शीटमध्ये कुठेही काही बदललं की नव्याने आकडा काढतं, सकाळी दिलेली लिंक दुपारी खोटी पडेल. स्क्रिप्टकडूनच एकदा कोड बनवून रकान्यात कायमचा लिहून टाका.

इतवारी_२
मी असतो तर काउंटरवर एकच क्यूआर ठेवला असता आणि बॉटकडून 'माझा नंबर पाठवा' असं बटण दाखवलं असतं. टेलिग्राममध्ये तशी सोय आहे. मुलानं दाबलं की त्याचा मोबाईल नंबर बॉटकडे, तो शीटशी जुळवला की काम झालं. सांकेतिक काही नकोच.

शीटवेडा
कल्पना चांगली आहे, पण बटण दाखवायला बॉटनं ताबडतोब उत्तर द्यायला हवं. त्याला एकतर वेबहुक लागतो, म्हणजे मेसेज आला की टेलिग्राम स्वतःच तो आपल्या स्क्रिप्टच्या पत्त्यावर पाठवतो. ॲप्स स्क्रिप्टवर वेबहुकच्या नादी नवख्यानं लागू नये, उत्तर सरळ न देता पुढच्या पत्त्यावर वळवलं गेलं की टेलिग्रामला वाटतं पोचलंच नाही, मग तेच अपडेट पुन्हा पुन्हा येत राहतं. दुसरा मार्ग म्हणजे दर मिनिटाला जाऊन विचारायचं, कुणी काही पाठवलंय का. दिवसाचे १,४४० मिनिटं, दर वेळी तीन-चार सेकंद धरा. साध्या खात्याला ट्रिगरवर चालण्यासाठी दिवसभरात मिळून ९० मिनिटं असतात, ती यातच संपतील आणि खरं काम अडकेल.

लिंकमध्येच कोड असला तर उत्तर द्यायची घाईच नाही. तासाभरानं जाऊन न वाचलेले स्टार्ट गोळा करा, कोड जुळवा, चॅट आयडी लिहा. दोन गोष्टी मात्र सांभाळा. टेलिग्राम न वाचलेलं २४ तासच ठेवतो, आणि शेवटचं कुठलं वाचलं तो क्रमांक पुढच्या वेळी कळवावा लागतो, नाहीतर तेच ते परत हातात येतं.

इतवारी_२
९० मिनिटांचं ध्यानात नव्हतं. मग तुमचंच बरं.

ओली_शाई
मी सक्करदऱ्याच्या एका अभ्यासिकेत बसते, म्हणून दुसऱ्या बाजूचं सांगते. आमच्याकडे व्हॉट्सॲप ग्रुपवर यादी यायची: सीट अमुक, फी बाकी. शंभर जणांत आपलं नाव. घरून पैसे यायला चार दिवस उशीर झाला तरी यादीत. एक मुलगी तर त्यापायी सोडूनच गेली. काहीही करा, पण ज्याचं त्याला पाठवा.

आणि भाषा पण बघा. 'आपली फी थकीत आहे' हे मुदतीच्या आधीच लिहिलेलं वाचलं की डोकं फिरतं. अजून तीन दिवस आहेत, थकली कुठे?

नंदनवनकर
ताई, ग्रुपवर टाकायचं डोक्यातच नाही. खरं सांगायचं तर हा सगळा खटाटोप त्याच्याच उलट कारणासाठी आहे. काकांना तोंडावर पैसे मागवत नाहीत. पोरगा समोरून जातो, काका म्हणतात, 'काय रे, अभ्यास कसा सुरू आहे?' आणि पैशाचं राहून जातं. मग महिनाअखेर लाइटचं बिल आलं की घरी चिडचिड. मशीननं आठवण दिली तर काकांना मागायला नको, पोराला तोंड लपवायला नको.

मास्तरीणबाई
मग मजकूर काकांच्या बोलण्यासारखाच ठेवा. 'सीट ४२ ची मुदत गुरुवारी संपते आहे. पुढच्या महिन्यासाठी जागा ठेवायची असल्यास काउंटरवर कळवावे. अडचण असल्यास काकांशी बोलावे.' रक्कम शेवटी. 'अडचण असल्यास' ही ओळ काढू नका, पोरं येऊन सांगतात.

तर्री_जास्त
पण मी एक विचारून राहिलो. ८४ सीट, ३० दिवसांची फेरी. म्हणजे दिवसाला सरासरी तीन मेसेज. तिनासाठी बॉट काहून पाहिजे? शीटमध्येच व्हॉट्सॲपची लिंक बनवा ना. ९१ लावून नंबर, पुढे मजकूर, हायपरलिंकचं सूत्र. काकांनी निळ्या अक्षरावर टिचकी मारली की व्हॉट्सॲप उघडते, मजकूर लिहून तयार, नुसतं पाठवा दाबायचं. स्वतःच्या नंबरवरून, हातानं. नियम मोडत नाही, खर्च नाही, मायबापाच्या नंबरवरही जाते.

शीटवेडा
हे मी स्वतःही पुष्कळांना सुचवतो. दोन बारीक गोष्टी: मजकूर मराठी असेल तर तो एन्कोड यूआरएल या सूत्रातून काढून मगच लिंकला जोडा, नाहीतर काही फोनवर अर्धाच उघडतो. आणि मोबाईलचा रकाना आधी 'साधा मजकूर' करा. नाहीतर पुढचं शून्य गायब होतं, अधिकचं चिन्ह लावलेला नंबर शीट गणित समजतं.

पण काकांचा स्वभाव ऐकल्यावर माझं मत बदललं. जो माणूस तोंडानं मागत नाही तो टिचकीही मारणार नाही. 'उद्या पाठवू' म्हणेल.

नंदनवनकर
अगदी हेच होईल.

कोराडी_रोड
व्हॉट्सॲपचा अधिकृत रस्ता कुणी सांगितलाच नाही. मेटाचं क्लाउड एपीआय (प्रोग्रॅममधून व्हॉट्सॲप मेसेज पाठवायची सोय) २०२२ पासून सगळ्यांना खुलं आहे, त्यालाही शीटमधून तसंच यूआरएल फेचनं पाठवता येतं. फरक हा की तुम्ही आपणहून पाठवायचा मजकूर आधी नमुना म्हणून मंजूर करून घ्यावा लागतो आणि १ जुलै २०२५ पासून पोचलेल्या नमुना-मेसेजगणिक आकार लागतो. फीची आठवण 'युटिलिटी'त (कामाच्या मेसेजच्या वर्गात) बसते. त्यातच 'मित्राला आणा, ५० रुपये सूट' घुसडलं की तो जाहिरातीत जातो, आणि जाहिरातीचा दर जास्त आहे. समोरच्यानं तुम्हाला लिहिलं तर तिथून २४ तास साधं उत्तर मोकळेपणानं देता येतं. मुलांची संमती घेतलेली हवी, प्रवेशाच्या फॉर्मवर एक ओळ टाका.

दिवसाला तीन मेसेज म्हणजे खर्च किरकोळच. कटकट खर्चाची नाही, सुरुवातीच्या मांडणीची आहे. ज्याला प्रोग्रॅमिंग येत नाही त्यानं आधी टेलिग्रामवर हात बसवावा.

रिकामटेकडा
आमच्या आयटी पार्कातल्या ऑफिसात गूगल चॅटवर असंच येतं. शीटमध्ये काम 'पूर्ण' केलं की टीमच्या खोलीत मेसेज.

कोराडी_रोड
ते खोलीचं वेबहुक. सोपं आहे, पण कंपनीचं वर्कस्पेस खातं लागतं. काकांच्या साध्या जीमेलवर नाही मिळणार.

नंदनवनकर
टेलिग्रामच ठरवतो. प्रवेश घेतानाच तर्रीभाऊंच्या पद्धतीनं व्हॉट्सॲपवरून मुलाला त्याची बॉटची लिंक पाठवायची, समोर उभं असतानाच स्टार्ट दाबून घ्यायचं. तेवढी एक टिचकी काका मारतील, त्यात पैसे मागायचे नाहीत. आता स्क्रिप्टमध्ये काय सांभाळू ते सांगा.

शीटवेडा
सगळ्यात महत्त्वाचं, एकाच मुलाला तोच मेसेज दोनदा जाऊ नये. लोक काय करतात, 'पाठवला' असा रकाना करून त्यात 'हो' लिहितात. पुढच्या महिन्यात तो 'हो' तसाच राहतो आणि मेसेज जातच नाही. मग कुणीतरी तो हातानं पुसायचा, म्हणजे पुन्हा माणूस आलाच.

त्याऐवजी रकान्याला नाव द्या 'आठवण कोणत्या मुदतीची'. मेसेज गेला की तिथे 'हो' न लिहिता त्या ओळीची मुदतीची तारीख लिहायची. स्क्रिप्टनं पाहायचं इतकंच: मुदत ३ दिवसांच्या आत आली आहे का, आणि आठवणीच्या रकान्यातली तारीख मुदतीपेक्षा वेगळी आहे का. दोन्ही असेल तर पाठव. मुलानं फी भरली, काकांनी तारीख टाकली, सूत्रानं मुदत ३० दिवस पुढे सरकली, की दोन तारखा आपोआप वेगळ्या झाल्या. पुसायचं काही नाही.

'३ दिवसांच्या आत' म्हटलं, 'बरोबर ३ दिवस' नाही. एखाद्या सकाळी गूगल रुसलं किंवा स्क्रिप्ट अडखळली तर बरोबर-३ वाला मुलगा त्या महिन्यापुरता सुटला. आत म्हटलं की दुसऱ्या दिवशी पकडला जातो. आणि मुदत उलटून गेलेल्यांना हा मजकूर जाऊ देऊ नका, त्यांच्याशी काकांनीच बोलावं.

तारखांची तुलना करताना एक खोच आहे. शीटमधून येते ती नुसती तारीख नसते, तिला वेळ चिकटलेली असते. दिसायला दोन्ही सारख्याच दिसतात, पण स्क्रिप्टनं सरळ तोलल्या तर वेगळ्याच निघतात. दोन्हींना आधी वर्ष-महिना-दिवस अशा मजकुरात बदला आणि मग ताडून पाहा. स्क्रिप्टच्या सेटिंगमध्ये टाइमझोन एशिया-कोलकाता आहे ना, हेही बघा. शीटचा वेगळा असतो, स्क्रिप्टचा वेगळा, दोन्ही तपासा.

ओली_शाई
मुलानं बॉट ब्लॉक केला तर?

शीटवेडा
टेलिग्राम ४०३ असं उत्तर देतो. मात्र यूआरएल फेचला 'चूक आली तरी थांबू नको' ही खूण दिलेली नसेल तर स्क्रिप्ट तिथेच बंद पडते आणि यादीत त्याच्या खालच्यांना काहीच जात नाही. एकानं ब्लॉक करायचं आणि शिक्षा बाकीच्यांना. म्हणून ती खूण द्या, आलेलं उत्तर शेवटच्या रकान्यात लिहून ठेवा, आणि मुदतीची तारीख फक्त यश आलं तरच नोंदवा. प्रत्येक मेसेजनंतर लगेच नोंदवायचं, सगळं झाल्यावर एकदम नाही. मध्येच बंद पडलं तर गेलेले कोण ते कळलं पाहिजे.

इतवारी_२
टोकन शीटच्या एखाद्या कोपऱ्यातल्या खान्यात ठेवू नका, हे मी आधीच सांगून ठेवतो. आमच्या दुकानात एकानं तसं केलेलं, शीट 'लिंक असलेल्या कुणालाही' उघडी होती. बॉटच्या नावानं दुसराच कुणी लिहायला लागला. बॉटफादरकडून जुनं टोकन रद्द करून नवं घेता येतं, पण ते नंतर.

शीटवेडा
आणि शीटच्या आतली स्क्रिप्टही नको. शीटमध्ये बदल करायचा हक्क ज्याला आहे तो तिच्याशी जोडलेली स्क्रिप्ट उघडू शकतो, त्यातलं टोकनही. काउंटरवर संध्याकाळी पार्टटाइम मुलगा बसतो ना? स्क्रिप्ट वेगळी बनवा, शीटचा आयडी देऊन बाहेरून उघडा, टोकन त्या स्क्रिप्टच्या गुणधर्मांत (सेटिंगमधल्या 'स्क्रिप्ट प्रॉपर्टीज'मध्ये) ठेवा. शीट सगळ्यांना, स्क्रिप्ट तुमच्यापुरती.

तुमच्यापुरती म्हणजे अभ्यासिकेच्या खात्यापुरती. ट्रिगर ज्यानं लावला त्याच्याच खात्यानं चालतो. उद्या तुम्ही पुण्याला नोकरीला गेलात, कुणी तुमचा हक्क काढला, की मेसेज बंद आणि कारण कुणालाच कळणार नाही.

तर्री_जास्त
हे बाकी खरं. पोरगं पुण्याले गेलं की घरचं वायफायही बंद पडते.

नंदनवनकर
माझ्याच खात्यावर सुरू करणार होतो. अभ्यासिकेच्या नावानं जीमेल बनवतो. ट्रिगर सकाळी ८ चा लावू?

शीटवेडा
८ ते ९ असा तास मिळतो, त्यात केव्हा चालवायचं ते गूगल ठरवतं. त्यापेक्षा ६ ते ७ घ्या. तेव्हा काउंटरवर कुणी नसतं. स्क्रिप्ट चालू असताना कुणी शीट नावानुसार लावली तर ओळी हलतात आणि एकाची नोंद दुसऱ्याच्या ओळीत पडते.

ओली_शाई
सकाळी ६ ला फीचा मेसेज? रात्री २ पर्यंत वाचत बसलेल्या माणसाला?

शीटवेडा
हा हा. टेलिग्रामला 'आवाज न करता पाठव' असं सांगता येतं. मेसेज येतो, फोन वाजत नाही.

ओली_शाई
मग चालेल.

नंदनवनकर
शेवटचा प्रश्न. दिवाळीत अभ्यासिका बंद असते तेव्हा काका सगळ्यांना तेवढे दिवस वाढवून देतात. तेव्हा काय?

शीटवेडा
'वाढीव दिवस' असा रकाना घ्या आणि मुदतीच्या सूत्रात ३० मध्ये तो मिळवा. मुदत सरकली की आठवणही सरकते. ज्याला आधीच आठवण गेली होती त्याला नव्या मुदतीआधी पुन्हा एकदा जाईल, तेवढं चालेल ना?

नंदनवनकर
चालेल की. काका म्हणतील, त्याला मुदत वाढली हेही कळलं. आधी पाच-सहा ओळखीच्या पोरांवर करून बघतो, कुठे अडलं तर इथेच विचारतो.